मिलिंदभाऊंची मारसेना

ब्रशाचं टोक काढायला मिलिंदभाऊ तो ओठांत धरायचे. जिभेवर एकदा फिरवला आणि दोन ओठांमधून ओढून काढला, की त्याचे सगळे केस एकत्र येऊन सुईसारखे व्हायचे. त्या सुईने ते बोटाएवढ्या धातूच्या राक्षसाच्या डोळ्यात बुबुळ ठेवायचे. एक बुबुळ झालं की ब्रश पुन्हा तोंडात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याची मौज वाटली होती. आता ती हालचाल आठवली की हातातलं काम थांबतं.

मी बारामतीत दातांची डॉक्टर. मिलिंदभाऊंची इंदापुरात राहत्या घरातच कवळ्या बनवायची छोटी लॅब होती. मी पेशंटच्या जबड्याचं माप एसटीने पाठवायचे आणि आठवड्याने ते स्वतः तयार कवळी घेऊन यायचे. मूळचे वरकुट्याचे. वडिलांनी धम्मदीक्षा घेतलेली, घरात शिक्षणाचा आणि निर्व्यसनीपणाचा कडक दंडक. "जय भीम, डॉक्टरबाई," म्हणत आत यायचे, आणि कवळी पेशंटच्या तोंडात नीट बसेपर्यंत खुर्चीमागून हलायचे नाहीत. "दाताला बसाय जागा लागती बाई. दिली न्हाय, तर त्यो ती कुरतडून घेतो," म्हणायचे.

राक्षसांचा नाद त्यांना लागला तो मुलीमुळे. प्रज्ञा पुण्यात इंजिनिअरिंग करत होती. तिथे ती आणि तिच्या मैत्रिणी टेबलावर धातूच्या छोट्या मूर्ती मांडून, फासे टाकून लढाईचा एक खेळ खेळायच्या. तिची चेटकीण फरशीवर पडली आणि हात मोडला, म्हणून ती तिने सुट्टीत घरी आणली. कवळ्यांच्या कारागिराला तेवढा हात जोडणं म्हणजे काहीच नव्हतं. भाऊंनी तो जोडला, वर चेटकिणीला रंगवून नखंसुद्धा काढून दिली. ती पाहून पुण्यातल्या इतर खेळणाऱ्यांची पार्सलं इंदापुरात यायला लागली. ड्रॅगन, बुटके योद्धे, सापळ्यांची फौज. भाऊ त्या सगळ्यांना 'गडी' म्हणायचे. माझ्याकडे कवळी द्यायला आले की खिशातून कापसात गुंडाळलेला एखादा गडी निघायचा. "कवळी खोटी असून खरी वाटाय पायजे. हा खोटाच हाय हे सगळ्यांस्नी ठावं असतंय, तरी त्याचं भ्या वाटाय पायजे. ह्ये जास्त अवघड हाय."

मग एक दिवस म्हणाले, "परदेशातली भुतं किती दिस रंगवायची? आपल्यात काय कमी हायत?"

त्यांच्या मनात मारसेना आली होती. सिद्धार्थ गौतमाला ध्यानाच्या आसनावरून उठवायला मार नावाचा राक्षस जी फौज घेऊन आला, ती. हत्तीच्या तोंडाचे, डुकराच्या तोंडाचे, एका धडाला तीन मुंडकी असलेले. ही फौज एका बाजूला, दुसऱ्या बाजूला एकच बसलेला गडी, असा खेळ त्यांनी रचला होता. "त्यानं हलायचं न्हाय, हाच त्याचा डाव," मला समजावून सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. बसलेला गडी कधी ओतणार, असं मी विचारलं. "शेवटी. आधी फौज पुरी हुं दे."

ओतायला धातू हवा होता. गावातला एक जुना छापखाना बंद झाला, तेव्हा तिथल्या खिळ्यांच्या पेट्या ते घरी घेऊन आले. खिळे म्हणजे छपाईची धातूची अक्षरं. त्यांतला एक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. उलटा 'ळ' होता. "शिसं हाय. बघा, कोर कशी उठलीय! तसाच गडी उठतोय ह्याच्यातनं." शिसं हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडाने माझ्यासमोर उच्चारला होता. कॉलेजात शिशावर एक अख्खं पान मी पाठ केलं होतं. मी तो खिळा परत दिला आणि छान आहे म्हणाले.

पुढचं वर्षभर भाऊ खंगत गेले. पोटात कळा यायच्या, म्हणून इंदापूरच्याच दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या आणल्या. तोंडाला गंजकी चव असते म्हणायचे. चेहरा पिठासारखा झाला. कधी आवाज न चढवणारा माणूस एका पेशंटवर ओरडला, मग बाहेर जाऊन कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिला. मी त्यांना साखर तपासून घ्या म्हणाले. साखर ठीक निघाली.

एकदा ते हसले तेव्हा दातांच्या कडेने हिरडीवर मला एक निळसर काळी रेघ दिसली.

"मिशरी लावता का हो भाऊ?"

त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या घरात तमाखू न्हाय डॉक्टरबाई. आबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी बंद झाली. तुमाला ठावं हाय ह्ये."

मला ठाऊक होतं. तरी मनात म्हटलं, सगळेच नाही म्हणतात. आमच्याकडे दिवसाला अशा दहा हिरड्या येतात. मी पुढचा पेशंट आत घेतला.

प्रज्ञाचं मधल्या काळात लग्न झालं होतं. तिला सातवा महिना लागला आणि ती बाळंतपणासाठी माहेरी आली. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी भाऊंचा फोन आला, "फौज पुरी झाली. बघाय या." रविवार होता. मी दुपारी इंदापूरला गेले.

स्वयंपाकघराला लागून ओतकामाची खोली होती, मध्ये फक्त एक पडदा. शेगडीवर लोखंडी पळीत धातू वितळत होता. फरशीवर, खिडकीच्या कट्ट्यावर, पाण्याच्या माठावरच्या झाकणावर राखाडी भुकटी पसरली होती. भिंतीवर तीन फळ्या भरून मारसेना उभी होती. इतकी सुंदर आणि इतकी भयंकर गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती. शेकडो उघडी तोंडं, आणि प्रत्येक तोंडात वेगळे दात. फळीखाली पाटावर प्रज्ञा बसली होती. पोटाला टेकवून एक गडी धरला होता आणि कानशीने त्याच्या कडा घासत होती. भुकटी तिच्या पदरावर पडत होती.

"बाबांचा हात आता साथ देत नाही ना," ती म्हणाली, "म्हणून मी करतेय."

"कुठं काय झालंय हाताला?" म्हणत भाऊंनी फळीवरचा एक गडी घ्यायला उजवा हात वर केला. हात वर गेला, पण पंजा मनगटातून खाली लोंबत राहिला. ते तो उचलायचा प्रयत्न करत होते आणि तो उचलला जात नव्हता.

तेव्हा ते पान मला आठवलं. पोटातल्या कळा, पांढरा चेहरा, हिरडीवरची रेघ, लुळं मनगट. सगळं एकाखाली एक छापलेलं होतं.

"प्रज्ञा, ऊठ," मी म्हणाले. "साडी बदल, हात धू आणि बाहेर चल. आत्ता."

अंगणात आल्यावर मी त्यांना शिसं शरीरात गेलं की काय होतं ते सांगितलं. भाऊ सगळं ऐकेपर्यंत उभे होते. स्वतःबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही.

"पोटातल्याचं काय?"

"रक्त तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

"म्या तिला कानस दिली," ते म्हणाले. "म्या हातानं दिली." त्यांची बायको, शीलावहिनी, रडायला लागल्या, तसे ते त्यांच्यावर खेकसले, "रडू नको. आधी तिला हितनं काढ."

त्याच संध्याकाळी प्रज्ञाला पिंपळीला तिच्या मावशीकडे नेलं. रक्ताचे नमुने पुण्याला गेले. ते चार दिवस मी पेशंटच्या तोंडात बघत होते, पण मला काही दिसत नव्हतं. रिपोर्ट आले. भाऊंचा आकडा इतका होता की पुण्याच्या डॉक्टरांनी नमुना पुन्हा मागवला. प्रज्ञाचा त्या मानाने कमी, पण गरोदर बाईच्या रक्तात असू नये एवढा नक्की. भाऊंना पुण्यात दाखल केलं, सलाइनमधून औषध दिलं. शिसं बरंच उतरलं. मनगट मात्र लुळंच राहिलं, आणि मूत्रपिंडं तोवर खराब झाली होती.

प्रज्ञाला तीन आठवडे आधीच मुलगी झाली. वजनाने कमी, पण रडली.

दवाखान्यातून सुटून आल्यावर भाऊंनी मला बोलावून घेतलं. खेळणाऱ्यांचे फोन येत होते, फौज आम्हाला द्या म्हणून. त्यांना ती कुणाच्याही घरात जाऊ द्यायची नव्हती. मी आणि वहिनी हातमोजे आणि मास्क घालून आत गेलो आणि एकेक गडी ड्रममध्ये ठेवू लागलो. त्यावर सिमेंट ओतायचं ठरलं होतं. भाऊ अंगणात खुर्चीवर, आमच्याकडे पाठ करून बसले होते. प्रत्येक गडी आत पडल्याचा आवाज त्यांना ऐकू जात होता.

"आता कोण?" त्यांनी विचारलं.

"डुकरतोंड्या."

"हां. त्याचं दात चांगलं उठलं व्हतं." मग थोड्या वेळाने, "आता?"

मी सांगत गेले. शेवटचा गडी पडेपर्यंत त्यांनी प्रत्येकाचं नाव विचारलं.

बसलेला गडी त्यांनी कधी ओतलाच नव्हता.

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. शेवटी शेवटी आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी भेटायला गेले की नात तिथेच खेळत असायची. गोरी, हसरी, सगळीकडे टकामका बघणारी. बोलत मात्र नव्हती. घरात सगळे म्हणायचे, काही मुलं उशिरा बोलतात. शेवटच्या भेटीत वहिनी तिला घेऊन बाहेर गेल्या, तेव्हा भाऊंनी डाव्या हाताने माझा हात धरला.

"बाई, खरं सांगा. ह्ये माज्यामुळं हाय का?"

हो म्हणायला पुरावा नव्हता आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं. "माहीत नाही भाऊ," मी म्हणाले. "कळायला मार्ग नाही. पण रेघ दिसली तेव्हा मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. तो दोष माझा आहे."

"तुमी गोड बोलला असता, तर परत येऊ नगा म्हणलो असतो," ते म्हणाले. "पोरीवर ध्यान ठेवा." त्यानंतर आठच दिवसांत ते गेले.

परवा प्रज्ञा बारामतीला माझ्या दवाखान्यात आली. मुलगी आता थोडे शब्द बोलते, शाळेत तिच्यासाठी वेगळ्या बाई आहेत. प्रज्ञा खुर्चीच्या कडेवर टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरमावशी, मला तिसरा महिना लागलाय. शिसं हाडांत राहतं ना? ह्या बाळात उतरेल का? घरी अजून कुणाला सांगितलं नाही."

बाहेर सहा-सात पेशंट बसले होते. मी हातमोजे काढले, त्यांना थांबायला सांगितलं, आणि तिच्यासमोरच पुण्याच्या त्या डॉक्टरांना फोन लावला.