वीस मिनिटांची बैठक

रोज सकाळी चार-पाच माणसं ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर वीस मिनिटं डोळे मिटून गप्प बसली, की किस्से आपोआप साठतात. बडबड्यांकडेही इतके नसतील!

बैठक आपटे मास्तरांची. नियम एकच. जे चाललंय ते चालू द्यायचं, उठायचं नाही. मी पाचव्या मिनिटाला उठायचो. माझी बायको सुधा जाऊन वर्ष झालं होतं आणि तिच्या अस्थी घरी कपाटावर होत्या. काशीत राहून! लोक पार सांगलीहून येतात आणि मला तिला घेऊन शंभर पायऱ्या उतरवेनात. मी ठरवलं, ज्या दिवशी पुरी वीस मिनिटं बसेन, त्या दिवशी तिला खाली न्यायचंच.

*

दामले रेल्वेत गार्ड होते. एकदा बैठक रंगात असताना पुलावर गाडीची शिट्टी झाली. दामले मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "चाळीस मिनिटं लेट!"

"दामले, तुम्ही रिटायर झालात," मास्तर म्हणाले.

"मी झालो हो. गाडी कुठं झालीय?"

*

माकडानं गोदूमावशींचा चष्मा पळवला. आम्ही सगळे उठून "हट, हट!" मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"मावशी, चष्मा गेला!"

"गेला ना? मग आता डोळे उघडून काय बघू?"

*

मी मास्तरांना विचारलं, "ती आठवली तर काय करू?"

"आठवू द्या."

"रडू आलं तर?"

"रुमाल आणा."

रुमाल नेला, नऊ मिनिटं बसलो. दुसऱ्या दिवशी दोन नेले. चौदा!

*

त्या दिवशी मी उठणारच नव्हतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "इथं कुणी मराठी आहे का हो?"

साताऱ्याचा एकटा माणूस. हातात लाल कापडात बांधलेला कलश. विधी उरकले होते, पण एकट्याला नावेत बसवेना. मी उठलो.

मध्यधारेत त्याचे हात कलशावरून सुटेनात.

"बाबूजी, देर हो रही है," नावाडी म्हणाला.

"होने दो, भैया." मग त्या माणसाला म्हटलं, "घाई नाही. धरून बसा."

बसलो. किती वेळ, कोण जाणे. मग त्यानंच कलश पाण्यात रिकामा केला.

नाव काठाला लागताना त्यानं विचारलं, "तुमचं कोण गेलंय?"

"बायको. अजून घरीच आहे. कपाटावर."

"घर लांब आहे?"

"नाही. हे काय, वर."

तो नावेतच पुन्हा मांडी घालून बसला. म्हणाला, "जा, घेऊन या. मी थांबतो."