पहिला हसेल त्याने कॉफी करायची

रविवारी सकाळी टीव्हीवर एक तमिळ कार्यक्रम लागायचा. विनोदवीर जीव तोडून हसवायचे, आणि जो प्रेक्षक शेवटपर्यंत हसणार नाही त्याला बक्षीस. कुंभकोणमला, मेलकावेरीतल्या आमच्या घरी आम्हीही तो खेळ खेळायचो. एरवी उंबऱ्याच्या आत फक्त आपली तंजावरी मराठी बोलायची, हा बाबांचा दंडक. तमिळला मोकळीक मिळायची ती तेवढ्या वेळापुरती. जो पहिला हसेल त्याने सगळ्यांसाठी पुन्हा कॉफी करायची.

दर वेळी आईच हरायची. विनोद पुरा व्हायच्या आत ती पदर तोंडाला लावून फिस्सकन हसायची आणि हसत हसतच पितळी फिल्टर भरायला उठायची. बाबा मात्र दगड! त्यांचा मला भारी राग यायचा. माणसाने इतकं मख्ख असावं तरी कशाला?

मागच्या पोंगलला घरी गेले, तेव्हा रविवारी टीव्हीवर त्याच कार्यक्रमाचे जुने भाग चालू होते. आईचे गुडघे आता साथ देत नाहीत. तरी सवयीने कॉफीसाठी उठायला खुर्चीच्या हातांवर भार देऊन ती पुढे सरकली. तेवढ्यात, साबणाची जाहिरात चालू असताना, बाबा मोठ्याने हसले. अगदी खोटं, नाटकात शोभेल असं.

"हरलो," म्हणाले आणि आत गेले.

आतून डबे आपटल्याचे आवाज येऊ लागले. फिल्टर कुठे असतो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मी आईकडे पाहिलं. त्या रविवारी ती पहिल्यांदाच हसली नाही.