चपलेपुरतं

शाळेच्या पुस्तकाआधी मी ‘जाहीर निषेध’ वाचायला शिकले. वडील नारायणगावच्या छापखान्यातून चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा आणत आणि शाईचा वास घरभर पसरे. त्यामुळे ग्रामपंचायतीने वाचनालयाची खोली रिकामी करून तिथे जिम काढायचा ठराव आणला, तेव्हा मी काय करणार हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

ठरावामागे उपसरपंच होते. टोमॅटोवरचा करपा, बिबट्याची मानसिकता, चंद्रावर गेलेलं यान, बायकांची गुडघेदुखी, ज्यावर त्यांचं मत नाही असा विषय तालुक्यात उरला नव्हता. वाचनावरही होतंच: “आता समदं मोबाईलमधी हाय.”

अशा माणसासाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण ते सगळे त्यांना आधीच लावून झाले होते. कॉलेजात कुठेतरी वाचलेला एक इंग्रजी शब्द मला आठवत होता: अल्ट्राक्रेपिडेरियन. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टींवर बिनधास्त मत देणारा. खात्री करायला मी त्याच वाचनालयात गेले. शाळकरी डिक्शनरीत तो नव्हता. मधल्या आकाराच्या कोशातही नव्हता. खिडकी आपटू नये म्हणून जो जाड, पुठ्ठा गेलेला कोश तिला टेकवून ठेवलेला असे, त्यात सापडला. ‘दुर्मीळ’ असा शेरा, पुढे चार ओळी. दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज निबंधकाराने तो एका संपादकावर फेकला होता, आणि नंतरच्या लेखकांनी अधूनमधून उचलून एकमेकांवर फेकला. एवढंच त्याचं आयुष्य. हा तर पत्रकासाठीच जन्मलेला शब्द! मुळात तो एका चपलेच्या गोष्टीतून आला, असंही खाली लिहिलं होतं. ते मी घाईत वाचलं आणि पत्रक छापायला दिलं. घाई हा आमच्या घराण्याचा गुण.

ग्रामसभेत उपसरपंचांनी माझं पत्रक स्वतःच मोठ्याने वाचलं. त्या शब्दाशी अडखळले, दोनदा प्रयत्न केला आणि चष्मा काढला.

“ताई, ही शिवी हाय का पदवी, तेवढं सांगा. पदवी असंल तर फ्लेक्सवर टाकतो.”

हशा झाला. मी उभी राहिले आणि गोष्ट अगदी रंगवून सांगितली. एका ग्रीक चित्रकाराने आपलं चित्र लोकांसमोर ठेवलं. चपला शिवणारा एक माणूस म्हणाला, यातल्या चपलेचा बंद चुकलाय. चित्रकाराने तो दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस म्हणाला, पायही चुकलाय. चित्रकार भडकला: तू चपलेपुरतं बोल! चपलेपलीकडे बोलणारा, तो हा शब्द.

लोक हसले. मीही हसले.

मागच्या रांगेतले एक काका हसले नाहीत. एसटी स्टँडजवळ ते चपला-बूट शिवतात, आणि रोज दुपारी वाचनालयात येऊन पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे गावात ते एकटेच.

“चपलेचं त्याचं बरुबर निघालं व्हतं ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मंग पायाचं कुनी तपासलं का?”

इतक्या शतकांत चित्रकाराने, कोशकारांनी, निबंधकारांनी, कुणीच तपासलं नव्हतं. समतेवरची पत्रकं तोंडपाठ असलेल्या मीही नाही. एका कारागिराला त्याची जागा दाखवून घडवलेली शिवी मी विवेकाच्या नावाने छापून गावभर वाटली होती.

उपसरपंचांना संधी दिसली. “बघा मंडळी! शिकल्याली माणसं कष्टकऱ्याला कशी हिणवत्यात! काका, मला लई वाईट वाटलं.” हात छातीवर होता. ठराव आता मंजूर होणार, हे मला दिसत होतं.

काका उठले. “वाईट वाटलं आसंल तर खोली ऱ्हाऊ द्या. जिमला मागचा हॉल हाय की. तिथं पंचायतीच्या मोडक्या खुर्च्या कोंबल्यात, त्या काढा.”

“काका, ह्यो नियोजनाचा इषय हाय,” उपसरपंच म्हणाले. “तुमी आपलं चपलांचं बघा ना राव!”

कडेला बसलेल्या एक मावशी ओरडल्या, “ताई, त्यो इंग्लिश शब्द ह्योच का गं?”

त्यानंतर सभा सभा राहिली नाही. उपसरपंचही हसले, कारण न हसायची सोयच उरली नव्हती. ठराव फेरविचारासाठी ठेवला गेला, आणि आमच्याकडे फेरविचाराला गेलेलं काही सहसा परत येत नाही. मोडक्या खुर्च्या मात्र निघाल्या.

पत्रकाने खोली वाचवली, असं वडील अजून सांगत फिरतात. मी दुरुस्ती करते, तर म्हणतात, “प्रचारात एवढं चालतं.” कोश पुन्हा खिडकीशी आहे.

मग मी दुसरं पत्रक लिहिलं, माझ्याच त्या शब्दाविरुद्ध. छापायला देण्याआधी दुपारी वाचनालयात काकांना दाखवलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, ते सावकाश वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“चपलेपुरतं सांगू, का वरचं बी?”

“वरचंही सांगा.”

त्यांनी पेन्सिल मागितली.