बुधवारची बरणी

फ्रीज उघडला की समोरच दह्याची बरणी दिसते. झाकणावरच्या चिकटपट्टीवर ह्यांच्या अक्षरात लिहिलंय, ‘बुधवार’.

डॉक्टरांनी ह्यांचा तळलेला नाश्ता बंद केला, तेव्हापासून रविवारी संध्याकाळी मी आठवडाभराच्या बरण्या भरायचे. तळाशी भाजलेले ओट्स, वर दही, डाळिंबाचे दाणे, पुन्हा दही. हे झाकणांवर वार लिहायचे. माणूस उद्याचे थर किती विश्वासानं रचतो.

त्या आठवड्यात मंगळवारची बरणी संपवून हे फिरायला गेले आणि कोपऱ्यावरच कोसळले. घरी आणलं ते न्यायलाच.

तेरावा झाल्यावर लेक म्हणाली, “आई, त्या बरण्या रिकाम्या करू या का?”

केल्या. फक्त बुधवारच्या बरणीतलं वरचं चमचाभर दही काढून कोमट दुधाला विरजण लावलं. दह्याचं एक बरं असतं, आजचं थोडं राखलं की उद्याचं लागतं.

तेव्हापासून रोज त्याच बरणीत विरजते. दही मला कधीच आवडलं नाही. सकाळी कामवालीला देऊन टाकते, चमचाभर मागे ठेवून.