तुझ्या ब्लाउजच्या रंगाचा डोंगर

अगं, फोन नीट कानाशी धर आणि ऐक. परवा फोनवर हसलीस ते काही मला आवडलं नाही हं. "ताई, एवढा आटापिटा कशाला? बाजारात छापील चित्रं मिळतात की!" म्हणे. धाकटी म्हणून सोडून दिलं. पण आता सगळं सांगते, मग हस.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्यानं राहायची, चाकणला कंपनीत इंजिनिअर. तिच्याकडे तिच्या आजोबांनी काढलेलं तैलचित्र होतं. पुढे आंब्याचं झाड, मग शेतं आणि पार मागे डोंगर. मी गेले की त्याच्याकडेच बघत बसायची. तिची बदली झाली तेव्हा म्हणाली, "आजी, मी महिनाअखेरीला जाणार. तोवर हे तुमच्याकडे राहू द्या, बघून बघून काढा." म्हणजे शिकायला हातात एक महिना. चित्र गेलं की माझे गुरुजीच गेले!

कॅनव्हास, रंग, जवसाचं तेल, सगळं आणलं. जन्म ब्लाउज बेतण्यात गेला, मापात मी कुठली चुकते? तरी पहिलं चित्र बघून तुझे भाऊजी म्हणाले, "रिजेक्ट." कंपनीत आयुष्यभर पार्ट तपासले, तोच शब्द तोंडात बसलाय.

"का पण?"

"डोंगर झाडाला चिकटलाय. कैरी तोडायला हात घातला तर डोंगराला लागेल."

राग आला, पण खरं होतं. हिरव्यात पांढरा घातला, पिवळा घातला, डोंगर काही मागे सरकेना. पंधरा दिवस त्यातच गेले.

मग एका दुपारी शिलाईच्या चिंध्यांची पिशवी उपसली. साडीला अस्तर जुळवताना काय करतो आपण? तुकडा साडीवर धरायचा, डोळे बारीक करायचे. तुकडा दिसेनासा झाला की रंग जुळला. तसा एकेक तुकडा आजोबांच्या चित्रातल्या डोंगरापुढे धरला. पोपटी, मेंदी, शेवाळी, सगळे स्पष्ट वेगळे दिसले. शेवटी हाताला आला तुझ्याच ब्लाउजचा तुकडा, निळसर राखाडी. तुझ्या लेकाच्या बारशाला शिवला होता आणि "हा राखेचा रंग कुठून शोधलास" म्हणून रुसली होतीस, तोच. धरला आणि दिसेनासाच झाला! अगं, डोंगर हिरवा नव्हताच. डोंगर हिरवा असतो हे मला आधीच ठाऊक, म्हणून मी बघितलंच नव्हतं.

मग अख्ख्या चित्राचे रंग असेच चिंध्या धरून जुळवले. मुलगी जायच्या आदल्या दिवशी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. तुझे भाऊजी दारातून बघत राहिले, जवळ आले, परत दारात गेले. मग खिळा-हातोडी घेऊन आले.

"एकदा तोंडानं पास म्हणा की!"

"नापास माल मी भिंतीला लावतो का?"

मागच्या बाजूला लिहिलंय, तिच्या आजोबांचं बघून काढलं. पुढे कोपऱ्यात मात्र सही माझी, चांगली ठसठशीत. आता सकाळी आमच्या कुरुळीच्या गच्चीवर रंग घेऊन बसते, समोर कंपन्यांच्या शेड आणि त्यापलीकडे खराखुरा डोंगर. हातात चिंध्या. अडत नाही माझं कुठे.

तुझा रंग आमच्या भिंतीवर चढलाय आणि तूच तेवढा बघितला नाहीस. येत्या रविवारीच ये. तो ब्लाउज अजून असला तर घालून ये. तुला डोंगराशेजारी उभी करून डोळे बारीक करून बघायचंय मला.