शिक्षेआधीची मुदत

अ‍ॅड. दिनकरराव शेलार यांची नि माझी पहिली भेट बारामतीच्या कोर्टाबाहेर, माझ्या टायपिंगच्या टेबलापाशी झाली. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. जे येते ते स्वतः वाचून आलेले आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. ते लढवत असलेल्या खुनाच्या खटल्यातल्या एका अर्जात मी सवयीने टाइप केले होते, 'आरोपी गरीब व तरुण आहे.' साहेबांनी कागद परत केला.

"गरीब आन् तरुण तर निम्मा तालुका हाय. ह्यो गडी कोण हाय, ते लिवा की!"

लवकरच मी त्यांचा कारकून झालो.

खुनाला कायद्यात जन्मठेप किंवा फाशी. जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद, निवड न्यायाधीशांची. दोषी ठरल्यावर त्या निवडीसाठी वेगळी सुनावणी असते. पुष्कळ वकील तिथे 'दया व्हावी' म्हणतात आणि बसतात. साहेब मुदत मागत आणि आरोपीच्या गावी जात.

निरवांगीकडच्या एकाने विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणात सख्खा भाऊ आणि भावजय यांना कोयत्याने मारले. दोष सिद्ध झाला, सरकारी वकिलांनी फाशी मागितली. मुदत घेऊन आम्ही गावी गेलो. त्या दोघा भावांची आई ओट्यावर बसली होती. बघताच कडाडली, "त्या मुडद्याला सोडवायला आलासा व्हय?"

"न्हाय, आक्का. त्यो सुटत न्हाय. फाशी का जन्मठेप, एवढंच उरलंय. कोर्टात येऊन बोलाल? काय बोलायचं ते मी शिकवणार न्हाय."

परतताना मी म्हणालो, "साहेब, ही बाई फाशीच मागणार."

"मागू दे की. मेलेला बी तिचाच हाय."

कोर्टात न्यायाधीशांनी विचारले, "आजी, तुमचं काय म्हणणं आहे?"

मुलाकडे न बघता ती म्हणाली, "ह्याचं तोंड बघायचं न्हाय मला. पर मारू नगा. शिव्या घालायला तरी कुणी जित्तं ऱ्हाऊ द्या."

जन्मठेप झाली. साहेबांनी फाशी टाळली, असे लोक सांगतात. ते चूक आहे. निवड न्यायाधीशांनीच केली. साहेबांनी फक्त त्यांना घाईने निवडू दिले नाही. त्या माउलीला घरी सोडायला मात्र ते स्वतः गाडी घेऊन गेले.

आता साहेब पंचाहत्तर वर्षांचे झाले. वालचंदनगरला लेकीकडे असतात. परवा एका खटल्यात दोष सिद्ध झाला. तरुण वकील 'दया व्हावी' म्हणाले आणि बसले. माझी मान आपोआप साहेबांच्या खुर्चीकडे वळली. तिथे दुसरेच कुणी मोबाइल बघत होते.

साहेब, प्रकृती सांभाळा, खूप वर्षे धडधाकट जगा. आणि जमेल तेव्हा शिक्षेच्या सुनावणीला येऊन मागच्या बाकावर बसा. बोलू नका. तुम्हाला बघून कुणीतरी मुदत मागेल.