संगणकास हात लावू नये

संगमनेरच्या एका कॉलेजात मी लॅब अटेंडंट होते. आधीची सहा वर्षं केमिस्ट्रीत परीक्षानळ्या धुतल्या. नव्वदीची निम्मी वर्षं सरल्यावर कॉलेजात दहा कॉम्प्युटर आले आणि माझी बदली त्या खोलीत झाली. काम सोपं होतं. सकाळी कुलूप उघडायचं, मुलांना चपला बाहेर काढायला लावायच्या, एसी सुरू करायचा, दहाही मशीनची कव्हरं काढून घडी घालायची, पडद्यावरची धूळ पुसायची. संध्याकाळी कव्हरं परत चढवायची. मधला सगळा वेळ दाराजवळच्या स्टुलावर बसून राहायचं.

मी बारावी झालेली, तीही आर्ट्सची. पण बघायला कुणाची परवानगी लागत नाही. केमिस्ट्रीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. मुलं दरवर्षी नवी येतात, चुका मात्र त्याच करतात. इथंही तसंच निघालं. व्हिज्युअल बेसिक शिकवायचे. पडद्यावर एक कोरी खिडकी यायची, तिच्यावर मुलं बटणं मांडायची, लिहायच्या चौकटी मांडायची आणि बटण दाबल्यावर काय व्हावं ते मागं लिहायची. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना दोन आकड्यांची बेरीज करायला देत. एका चौकटीत पाच, दुसरीत सात. बटण दाबलं की उत्तर यायचं सत्तावन्न.

मुलं हसायची, मग घाबरायची, मग सरांना हाक मारायची. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. ते येऊन न बोलता एक शब्द टाइप करायचे आणि बारा यायचे. का आले ते मुलांना कळायचं नाही. मी तो शब्द वहीत उतरवून घेतला. इंग्रजी अक्षरं एकेक करून चित्रासारखी काढली. घरी जाऊन विचार केला तेव्हा उलगडलं. चौकटीत लिहिलेला पाच हा मशीनला आकडा वाटतच नाही, ते त्याला अक्षर समजतं. अक्षराला अक्षर जोडलं की सत्तावन्नच होणार. आधी त्याला सांगावं लागतं की बाबा, हा आकडा धर.

पुढच्या वर्षीची मुलं आली आणि पहिल्याच आठवड्यात एकीनं सत्तावन्न काढलं. सर जेवायला गेले होते. मी स्टुलावरूनच सांगितलं, "तुझं मशीन जोडतंय, बेरीज करत नाही. आधी आकडा करून घे." तिनं करून बघितलं. बारा आले. तिनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, तुमाला येतंय व्हय हे?"

त्या दिवसापासून हाका सुरू झाल्या.

माझी वही भरत गेली. डाव्या पानावर पडद्यावर आलेला इंग्रजी संदेश, उजव्या पानावर तो कशानं गेला ते. सगळ्यात जास्त वेळा आलेला संदेश होता 'ऑब्जेक्ट व्हेरिएबल नॉट सेट'. त्यानं मुलं रडकुंडीला यायची. सगळं लिहिलेलं बरोबर दिसायचं, तरी चालवलं की गचकायचं. याची गोम मला लायब्ररीतल्या पुस्तकात सापडली. दुपारच्या सुट्टीत ते पुस्तक मी तिथंच बसून, डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायचे. एका पानाला चार दिवस लागायचे. गोम एवढीच होती की मुलं वस्तूला नाव द्यायची, पण ती वस्तू बनवायचीच नाहीत. मी त्यांना म्हणायचे, "बारशाची पत्रिका छापली, पण पाळण्यात बाळच नाही. मशीन कुणाला हाक मारणार?"

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या दोन मुलींनी मिळून दूध संकलनाचा प्रोजेक्ट केला होता. गावातले सभासद नाव टाकणार, दूध किती ते टाकणार, आणि सगळ्यांची यादी पडद्यावर दिसणार. दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक येणार होते. मुली पाच नावं टाकत होत्या आणि यादीत पाचही ओळींत शेवटचंच नाव येत होतं.

"मावशी, दोन दिस झाले. यादीची चौकट तीनदा नवी केली," एक जण म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "सरांना दाखवलं तर म्हणाले, नीट वाचा."

मी तिच्या मागं उभी राहिले आणि वरून खालपर्यंत वाचलं.

"नवा सभासद कुठं बनवता तुम्ही?"

"हा काय, वर. पहिल्या ओळीत."

"आणि पाच नावं घेण्याचा फेरा, तो लूप?"

"त्याच्या खाली."

"म्हणजे सभासद एकदाच बनला. दुधाचा कॅन एकच आहे पोरी. त्याच्यावर पहिल्याचं नाव लिहिलं, मग पुसून दुसऱ्याचं लिहिलं, मग तिसऱ्याचं. यादीत तुम्ही पाच वेळा तोच कॅन मांडलाय. पाचही ठिकाणी शेवटचंच नाव दिसणार. दर माणसामागं नवा कॅन घ्या."

दुसरी मुलगी टाळी वाजवून म्हणाली, "आयला, चौकट बरोबरच हुती की!" पण जिच्यापुढं कीबोर्ड होता तिनं घाईत भलतीच ओळ पुसली. मग मी वाकले, पुसलेली ओळ परत आणली, नवा सभासद बनवायची ओळ उचलून फेऱ्याच्या आत ठेवली आणि चालवून बघितलं. पाच ओळी, पाच वेगळी नावं. मुलींनी मला मिठी मारली, आणि त्याच वेळी सर दारात उभे होते.

"हे काय चाललंय?"

"प्रोजेक्ट अडला होता सर. झाला आता."

"तुमचं काम कव्हर घालायचं आहे. तुम्हा लोकांना एक गोष्ट दिली की तुम्ही डोक्यावरच बसता."

"कोण लोक, सर?" मी विचारलं.

मुली खाली बघत होत्या. मी मात्र सरांकडं बघत राहिले, ते वळून निघून जाईपर्यंत.

मुलींचा प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी नीट चालला. परीक्षक गेल्यावर दारावर टाइप केलेली सूचना लागली. लॅब कर्मचाऱ्यांनी संगणकास हात लावू नये. कर्मचारी मी एकटीच होते.

माझे वडील बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीतले. त्यांच्या लहानपणी गावात कशाकशाला हात लावायचा नाही, त्याची यादी त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी ती मला एकदाच सांगितली होती. रडत सांगितली नाही, हिशेब चुकता करायचा राहिलाय अशा आवाजात सांगितली. ती सूचना वाचताना मला हसू आलं. मग वाटलं, ठीक आहे. कागदावर आहे ना? कागदाप्रमाणंच वागू.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडलं, एसी लावला आणि स्टुलावर बसले. कव्हरं काढली नाहीत. मुलांनी आपली आपण काढली आणि खुर्च्यांवर टाकली. संध्याकाळी कुणी घातली नाहीत. उन्हाळ्याचे दिवस होते, समोर बांधकाम चालू होतं. तीन दिवसांत पडद्यांवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ बसली. मुलं अडली की स्टुलापाशी यायची, मी हात मांडीवर ठेवून तोंडी सांगायचे. "वरून सातवी ओळ वाच. बनवलंस का त्याला? मग बनव." हात कशालाच लावला नाही.

चौथ्या दिवशी सर कडाडले, "मशीन का पुसली नाहीत?"

मी दाराकडं बोट दाखवलं. "हात लावू नये म्हणून लिहिलंय, सर."

संध्याकाळी मेमो आला. कामात हेतुपुरस्सर कुचराई, तीन दिवसांत खुलासा द्या. मी घरी जायचीही वाट पाहिली नाही. कॉलेजच्याच जिन्यात बसून दोन ओळींचा खुलासा लिहिला. सूचनेचं तंतोतंत पालन केलं आहे. सूचना चुकीची असेल तर ती लिहिणाऱ्याकडून खुलासा घ्यावा.

प्राचार्यांनी दोघांनाही बोलावलं. ते निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. सरांचं सगळं ऐकून घेतल्यावर माझ्याकडं वळले. "बाई, तुम्हाला खरंच येतं का हे? इथं मशीन आहे. एखादा प्रोग्रॅम करून दाखवा बघू."

"नाही दाखवणार, सर."

"का?"

"मुलांना असं ऑफिसात उभं करून कुणी दाखवायला सांगत नाही. त्यांची परीक्षा होते. मी त्यांच्याच कोर्सचा फॉर्म भरते, माझीही परीक्षा घ्या. नापास झाले तर परत कीबोर्डला हात लावणार नाही."

सर म्हणाले, "चतुर्थ श्रेणीला बसता येत नाही. नियमात नाही."

"बसता येत नाही असं नियमात कुठं आहे, तेवढं दाखवा," मी म्हणाले.

प्राचार्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, नियमांची फाईल मागवली आणि बराच वेळ पानं उलटली. मग फाईल बंद करून म्हणाले, "आणा फॉर्म." दारावरचा कागद त्यांनी शिपायाकडून काढायला लावला. कव्हरं मी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा घालू लागले.

वर्षभर मी तासाला मागच्या बाकावर बसले. सर माझ्याकडं बघून कधी शिकवत नसत. मग प्रॅक्टिकलची परीक्षा आली. मी दोन बोटांनी टाइप करत होते. पहिल्यांदा चालवलं तेव्हा माझ्याच पडद्यावर आलं, 'ऑब्जेक्ट व्हेरिएबल नॉट सेट'. शंभर जणांना सांगितलेली चूक मी स्वतः केली होती. शेजारच्या मुलाला हसू आवरेना, आणि मलाही. ओळ घातली, चालवलं, वेळ संपायला थोडा अवधी असताना पूर्ण केलं.

निकालाची छापील यादी सूचनांच्या फळ्यावर लागली. मी सगळे नंबर दोनदा वाचले. माझा नव्हता. ऑफिसात जाऊन गुणपत्रिका मागितली तर ती तिथं होती, सेकंड क्लास. क्लार्क ओशाळून म्हणाला, "यादी विभागातून आली बाई. स्टाफ म्हणून वगळला असेल."

मी परत फळ्यापाशी गेले. मुलांची गर्दी होती, त्यांनी वाट करून दिली. पर्समधलं निळं पेन काढलं आणि शेवटच्या नंबराखाली माझा नंबर लिहिला, पुढं सेकंड क्लासही लिहिला. सर व्हरांड्यात उभे राहून बघत होते. मी पेनाला टोपण लावलं आणि लॅबमध्ये पाच मशीनवर नवी मुलं खोळंबली होती, तिकडं गेले.